सरोजच्या मांडीवरचा वळ

"वहिनीकडं बघ जरा. तुझ्याच दिवशी कापलं, तुझ्याच डॉक्टरनं कापलं. ती दारापर्यंत जाऊन आली. आणि तू अजून उशीला मिठी मारून पडलीयस!"

हे बोलणारे मल्लिनाथ भावजी, माझे धाकटे दीर. ऐकणारी त्यांची बायको सरोज. आणि वॉकर धरून दारात घामेघूम उभी असलेली वहिनी म्हणजे मी. सोलापूरच्या एका दवाखान्यातली दोन खाटांची खोली होती, एक खाट माझी, एक तिची. दोघींचा उजवा गुडघा बदलला होता, एकाच सकाळी, आधी माझा आणि पाठोपाठ तिचा.

"भावजी, मला आधी बसू द्या," मी म्हटलं. "मग काय कौतुक करायचं ते करा."

आता दोन जावांनी एकाच दिवशी गुडघे बदलून घ्यावेत, असं कुठं असतं का? आमच्या घरात असतं. बार्शीला आमचं मिरचीचं दुकान. सासूबाईंचा दंडक होता, सुनांमध्ये डावं-उजवं करायचं नाही. एकीला लुगडं घेतलं की दुसरीलाही घ्यायचं, तेही त्याच रंगाचं, मग तो रंग तिला शोभो न शोभो. एकीला माहेरी धाडलं की दुसरीलाही धाडायचं, तिथं कुणी बोलावलेलं असो वा नसो. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली, पण दंडक तसाच राहिला. माझ्या गुडघ्यासाठी आमच्या ह्यांनी डॉक्टर ठरवला, तसे भावजी म्हणाले, "हिचेही गेलेत, हिचंही उरकून घेऊ. एक खोली, एक गाडी, एक डबा." सांधासुद्धा एकाच कंपनीचा मागितला. डॉक्टर तडवळकर हसून म्हणाले, "गुडघे करायला आलाय का साड्या घ्यायला?"

सगळं सारखं दिलंय म्हटल्यावर जो काही फरक दिसेल तो माणसाचा, हे आमच्या घरचं गणित. आणि त्या गणितात मी कायम पास आणि सरोज कायम नापास. चाळीस वर्षं आम्ही दोघी मागच्या पडवीत पाय दुमडून मिरच्यांची देठं खुडत आलो. हात भाजायचे, नाक झोंबायचं, गुडघ्यात कळा यायच्या. सरोज मध्येच उठायची. "अक्का, माझे पाय भरून आले हो," म्हणायची आणि भिंतीला टेकून पाय लांब करून बसायची. मी उठायची नाही. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "थोरली आमची घोडा आहे घोडा. धाकटी जरा अंगचोर." एकदा चिकटलं ते चिकटलं. तिची पोरंसुद्धा मोठी झाल्यावर हसत म्हणायला लागली, आईचं दुखणं म्हणजे काय, देठं संपली की बरं होतं.

तर आता गुडघेही सारखेच कापलेले, आणि मी दुसऱ्या दिवशी उभी राहिले, सरोज रडली. तिसऱ्या दिवशी मी दारापर्यंत गेले, सरोज पाय खाली सोडेना. घरात जे चाळीस वर्षं म्हणत होते त्यांना आणखी काय पाहिजे?

व्यायाम घ्यायला शाहीन नावाची मुलगी यायची. हसतमुख, पण कामात कडक. तिनं सरोजच्या पोटरीखाली हात घातला आणि गुडघा हळूहळू वाकवायला घेतला. सरोजनं खाटेची कड इतकी घट्ट धरली की तिच्या बांगड्या खणखणल्या.

"मावशी, श्वास सोडा. जरा अजून."

"नाही गं बाई, नाही. सोड, सोड!"

"मावशी, हा पहिला आठवडाच महत्त्वाचा असतो. आता नाही वाकला तर गुडघा आखडून बसतो. मग पुन्हा भूल देऊन डॉक्टरांना जोर लावून वाकवावा लागतो. तुम्हाला तसं करायचंय का?"

"मला गुडघा एवढा नाही गं दुखत," सरोज रडत म्हणाली. "मांडी दुखते. इथं, वरती. कुणीतरी पिळून ठेवल्यागत."

भावजी खुर्चीत बसल्या बसल्या हसले. "घ्या! कापला गुडघा आणि दुखतीय मांडी. हिचं आयुष्यभर असंच. काम हातात दिलं की पाठ दुखणार, पाठ धरली की डोकं दुखणार." मग शाहीनकडं वळून म्हणाले, "तुम्ही लाड करू नका. जोर लावा. रडू दे रडायची तर."

सरोजनं तोंड भिंतीकडं फिरवलं. त्यानंतर तिनं व्यायाम करायचंच सोडलं. शाहीन आली की ती डोळे मिटून घ्यायची. जेवायला सांगितलं तर दोन घास खाऊन ताट सारायची. बोलणंही बंद. भावजींनी तर परस्पर ठरवूनही टाकलं होतं की वहिनीला परवा सोडतील, त्याच गाडीत हिलाही न्यायचं, घरी गेल्यावर आपोआप सरळ होईल. घरी कोण वाकवणार होतं तिचा गुडघा? तिथं शाहीन नव्हती. तिथं मिरच्या होत्या.

दुपारी भावजी जेवायला बाहेर गेले तेव्हा सरोज एकाएकी बोलली. आवाज इतका बारीक की मला मान वळवून ऐकावं लागलं.

"अक्का, खरं सांगा. मी सोंग करते का हो?"

"काहीतरीच काय विचारतेस?"

"नाही, मलाच कळंना झालंय. सगळे म्हणतात तर करत असेन. मला वाटतं की दुखतंय. पण तुमचं पण तेवढंच कापलंय की. तुम्ही चालता. मग माझ्यातच काहीतरी खोट असणार." तिनं चादरीच्या टोकानं नाक पुसलं. "पाय गेला तर जाऊ दे. पण मरेपर्यंत मला हेच ऐकायचंय, नाटकी म्हणून. त्याचा कंटाळा आलाय आता."

मलाही कंटाळा आला होता, खरं सांगायचं तर. पाय ठणकत होता, शाबासकी ऐकून ऐकून कान किटले होते. शाबासकी दिली की माझ्याकडून लोक आणखी एक फेरी मागायचे, हे मला चाळीस वर्षांत चांगलं कळलं होतं. पण सरोज खोटं बोलतीय असं मला वाटत होतं का? वाटत नव्हतं. खरं बोलतीय असंही छातीठोक सांगता येत नव्हतं, कारण माझ्या मांडीला काहीच झालेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंग पुसायला दवाखान्यातली मावशी आली. पडदा ओढून तिनं सरोजचा गाऊन वर केला आणि ओल्या फडक्यानं पाय पुसायला लागली. मांडीवर फडकं लागलं तशी सरोज विव्हळली. पडद्याच्या फटीतून माझं लक्ष गेलं आणि तिथंच थांबलं. गुडघ्याच्या कितीतरी वर, जांघेच्या खाली, मांडीभोवती गोल काळानिळा पट्टा उठलेला होता. चांगला चार बोटं रुंद. कडेकडेनं कातडीवर चुण्या पडून त्या तशाच राहिलेल्या. तिथं टाके नव्हते, चिकटपट्टी नव्हती, कापलेलं काहीच नव्हतं.

मी माझा गाऊन वर केला आणि माझी मांडी बघितली. मांडी होती तशी होती, म्हातारी, सुरकुतलेली. वळ मात्र कसलाच नव्हता.

"मावशी," मी अंग पुसणाऱ्या बाईला विचारलं, "हे काय झालंय हिला इथं?"

"मला काय माहीत बाई. डॉक्टरला विचारा," म्हणून ती बादली उचलून गेली.

डॉक्टर तडवळकर फेरीला आले तसं मी विचारलं. उगाच गोडगोड बोलायची मला सवय नाही. "डॉक्टर, तुम्ही आम्हाला दोघींना सगळं सारखं केलं म्हणालात. मग हिच्या मांडीवर वळ आहे आणि माझ्या मांडीवर का नाही?"

त्यांनी आधी सरोजची मांडी बघितली. बोटानं हलकेच दाबली. सरोजनं ओठ दातांखाली धरला. मग ते स्टुलावर बसले, ते एरवी कधी बसायचे नाहीत.

"काकू, गुडघा करताना आम्ही मांडीला एक रुंद पट्टा बांधतो. बीपी बघायच्या पट्ट्यासारखाच, पण मोठा. त्यात हवा भरायची, की खालच्या पायात रक्त यायचं थांबतं. रक्त नसलं की सगळं स्वच्छ दिसतं, सांधा चिकटवायलाही सोपं जातं. काम संपलं की हवा सोडायची. यांना तसं केलंय."

"आणि मला?"

"तुम्हाला नाही. तुमच्या मांडीतल्या रक्तवाहिन्या कडक झाल्यात, आधीच्या तपासणीत दिसलं होतं. तिथं आवळणं बरं नव्हतं. म्हणून तुमचं पट्टा न बांधता केलं. थोडं रक्त जास्त गेलं तुमचं, पण निभलं."

"आणि हिला किती वेळ आवळून ठेवलं होतं?"

"तासाच्या वर." मग म्हणाले, "त्यांची मांडी भरलेली आहे. तिथं हवाही जास्त भरावी लागते."

मी म्हटलं, "मग मांडी दुखणारच की!"

"दुखू शकते. सगळ्यांनाच एवढी दुखत नाही. पट्टा बांधून दुसऱ्या दिवशी चालणाऱ्या बायकाही मी रोज बघतो. पण काहींच्या मांडीचा स्नायू चेचल्यासारखा होतो, काही दिवस जोर देत नाही. हल्ली कितीतरी डॉक्टर पट्टा न बांधताच करतात, काही माझ्यासारखे शिकलो तसं करतात. वाद चालू आहे आमच्यात." त्यांनी सरोजकडं बघितलं. "काकू, तुम्ही मांडी दुखतीय म्हणत होतात, आम्ही सगळे गुडघाच बघत बसलो. दुखणं खरं आहे तुमचं. हे बरं होईल. घाई नको, दोन-चार दिवस जास्त राहा. मांडीला बर्फ लावू, औषध बदलतो, आणि शाहीन हळूहळू करून घेईल."

डॉक्टर गेले. सरोज वर छताकडं बघत पडली होती, तिच्या डोळ्यांतून पाणी कानांत चाललं होतं. मला काय झालं होतं सांगू? चाळीस वर्षांचा माझा घोडेपणा त्या माणसानं स्टुलावर बसून उतरवून ठेवला होता. मी धीराची वगैरे काही नव्हते. मला कमी दुखत होतं, एवढंच. आणि वाईट वाटायचं सोडून मला इतकं हलकं वाटलं की काय बोलावं!

भावजी आले तसं मी त्यांना सगळं सांगितलं. पट्टा, हवा, वळ, सगळं. त्यांनी ऐकलं आणि हात झटकला.

"वहिनी, डॉक्टर लोक बायकांच्या समाधानासाठी असं बोलतात. त्यांचंही बिल वाढतंय की चार दिवसांचं. आणि बांधला असंल पट्टा, पण ही बेशुद्ध होती. बेशुद्ध माणसाला काय कळतं? उद्या तुमच्याबरोबर नेतो मी हिला. गाडी सांगून ठेवलीय."

"डॉक्टर नको म्हणालेत."

"मी नवरा आहे तिचा. मला माहीत नाही ती कशी आहे?"

सरोजनं पुन्हा तोंड भिंतीकडं फिरवलं. झालं, म्हटलं मनात, आता ही गाडीत बसणार, घरी जाणार, गुडघा आखडणार आणि लोक म्हणणार, थोरलीचा बघा कसा छान झाला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण उठून भांडायचं तर पायात बळ नव्हतं, आणि भावजींशी वाद घालून आजवर कुणाचं भलं झालं होतं?

तेवढ्यात सिस्टर बीपी बघायला आली. तिच्याकडं जुनं हातानं दाबायचं यंत्र होतं, रबरी फुग्याचं. तिनं माझं बघितलं, सरोजचं बघितलं. यंत्र गुंडाळायला लागली तशी मी म्हटलं, "सिस्टर, आमच्या भावजींचंही बघा की. त्यांना बीपीची गोळी चालू आहे."

"बघा, बघा," भावजींनी खुशीत बाही सरकवली. फुकटात तपासणी म्हटल्यावर ते कशाला सोडतील?

सिस्टरनं दंडाला पट्टा गुंडाळला आणि फुगा दाबला. आकडा बघितला. हवा सोडणार तोच मी म्हटलं, "सोडू नका. अजून भरा."

सिस्टरनं माझ्याकडं बघितलं. डॉक्टरांची फेरी चालू असताना ती दारातच उभी होती, सगळं ऐकलं होतं तिनं. ती गालात हसली आणि तिनं आणखी हवा भरली.

"आता राहू दे तसंच," मी म्हटलं. "हं भावजी, काय म्हणत होता? बोला."

"मी म्हणत होतो, गाडी सकाळी येईल..." ते बोलत राहिले. जरा वेळानं त्यांनी हात हलवून बघितला. "सिस्टर, झालं की नाही?"

"थांबा थोडं," मी म्हटलं.

त्यांचा पंजा आधी पांढरा पडला, मग बोटं निळसर दिसायला लागली. गाडीचं बोलणं मध्येच तुटलं. त्यांनी दुसऱ्या हातानं दंड धरला. कपाळावर घाम आला. "अहो, हात मेल्यागत झालाय. मुंग्या आल्यात. सोडा."

"एवढ्यात?" मी विचारलं. "दोन मिनिटं तरी झाली का? हा एवढासा पट्टा आणि तोही दंडाला. हिच्या मांडीला तासाच्या वर होता."

"वहिनी, थट्टा पुरे. कळ निघतीय खरंच!"

"खरंच निघतीय का सोंग करताय? आम्हाला कसं कळायचं? रक्त तर दिसत नाही कुठं."

भावजींचा चेहरा रडवेला झाला. सिस्टरचा हात हवा सोडायच्या किल्लीवर होता, ती माझ्याकडं बघत होती. मी अजून थांबायला सांगणार होते. खोटं कशाला बोलू, मला ते बघायला बरं वाटत होतं.

तोच पलीकडच्या खाटेवरून आवाज आला. सरोज कोपरावर उठून बसली होती.

"सोडा हो सिस्टर," ती म्हणाली. "दुखत असंल त्यांना."

सिस्टरनं हवा सोडली. फुस्स आवाज झाला. भावजी दंड चोळत राहिले. दंडावर लाल वळ उठला होता, ते त्याच्याकडं बघत होते. मग त्यांनी मान वर केली आणि सरोजकडं बघितलं. किती तरी वेळ बघितलं. चाळीस वर्षांत त्या माणसानं एकदासुद्धा म्हटलं नव्हतं की दुखत असंल तिला. हे माझ्या तेव्हा लक्षात आलं आणि त्यांच्याही आलं असावं. ते उठले, तिच्या खाटेजवळ गेले, पांघरुणाच्या टोकाला हात लावला आणि विचारलं, "बर्फ कुठं मिळतो इथं?"

"खाली," सिस्टर म्हणाली.

ते बर्फ आणायला गेले. गाडी रद्द झाली.

पुढचं सांगून टाकते. दोन वर्षांनी दोघींचे डावे गुडघे झाले, पण वेगवेगळ्या महिन्यांत. सासूबाईंचा दंडक मोडला आम्ही. सरोजनं डॉक्टरांना तोंडावर विचारलं, पट्ट्याशिवाय जमेल का. त्यांनी तिच्या तपासण्या बघून जमेल म्हणून सांगितलं आणि तसंच केलं. तेव्हा ती दुसऱ्या दिवशी उठली. एकजण म्हणालाच, बघा, मनात आणलं की होतं सगळं. तिथं भावजी होते. ते म्हणाले, "मनाचा काही संबंध नाही. तू गप बस."

पण मला आठवतो तो पहिल्या वेळचाच दिवस, बर्फ आणल्यानंतरचा. दुपार झाली होती. शाहीन आली आणि सवयीनं माझ्याकडं वळली. "चला काकू, तुम्ही आमच्या हिरोइन. आज जिन्यापर्यंत जायचं."

मी पाय खाली सोडायला लागले. तोंडावर हसू आणलं. वॉकरकडं हात केला. आणि काय झालं कोण जाणे, हात तसाच मागं घेतला. गुडघ्यात कळ होती. कालही होती, परवाही होती. पडवीत मिरच्या खुडतानाही होती, रोज. ती कुणाला सांगायची असते हेच मला माहीत नव्हतं.

"आज नको," मी म्हटलं. "आज मला दुखतंय."

शाहीन बघतच राहिली. भावजी बर्फाची पिशवी धरून उभे होते, तेही बघत राहिले. मी पुन्हा आडवी झाले. बोलताना माझे डोळे भरून आले होते, वयाला न शोभेल असं.

सरोज खुदकन हसली. कितीतरी दिवसांनी. "नाटकी कुठल्या अक्का," ती म्हणाली. मग शाहीनला म्हणाली, "त्यांना झोपू दे गं. कधी झोपल्यात त्या? ते वॉकर इकडं दे."

तिनं एक पाय खाली ठेवला, मग दुसरा. मांडी हातानं धरून, रडत, आईला हाका मारत ती उभी राहिली. भावजी एकदाही काही बोलले नाहीत, नुसते तिच्या मागं हात पसरून उभे होते. ती दाराकडं निघाली. वॉकरचा टक-टक आवाज ऐकत मी डोळे मिटले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा ती चालत होती आणि मी झोपले होते.